चेंडू स्टंपला लागला, बेल पडली नाही… बाद की नाबाद?



मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानाजवळ पाच मिनिटं उभे राहा. "लागला! आउट!" आणि लगेच त्याच्यावर "कुठे लागला? हवेत होता!" हे दोन आवाज हमखास कानावर पडतील. पुढची दहा मिनिटं खेळ बंद, भांडण चालू. शेवटी ज्याची बॅट, त्याचा निर्णय! आपण मोठी माणसं "भांडू नका रे" एवढंच म्हणून पुढे जातो. पण या भांडणाचं मूळ मुलांच्या स्वभावात नसून त्यांच्या साहित्यात आहे. त्यांच्याकडे स्टंप असतात, कधी तीन विटा असतात, कधी भिंतीवर खडूने ओढलेल्या तीन रेघा असतात. नसते ती फक्त बेल. आणि क्रिकेटमध्ये बेल म्हणजे साक्षीदार.

आज आपण स्टंप, बेल्स आणि त्यांच्यामागचे नियम समजून घेऊ या. यात भाषा आहे, गणित आहे, इतिहास आहे, आणि न्यायाचा एक छान धडासुद्धा आहे.

आधी शब्द समजून घेऊ

मुलांना 'विकेट म्हणजे काय?' असं विचारून बघा. एक म्हणेल, ते तीन दांडके. दुसरा म्हणेल, खेळाडू आउट झाला की विकेट पडते. तिसरा म्हणेल, विकेट म्हणजे खेळपट्टी, टीव्हीवर म्हणतात ना, "विकेट फलंदाजीला चांगली आहे." गंमत म्हणजे तिघांचंही बरोबर आहे. बोलताना हा शब्द तिन्ही अर्थांनी वापरतात. नियमपुस्तकात मात्र विकेट म्हणजे तीन स्टंप आणि त्यांच्या डोक्यावरच्या दोन बेल्स, एवढंच. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ छोटं फाटक असा आहे. दोन खांब आणि वर एक आडवी काठी असं रूप डोळ्यांसमोर आणलं, की नावाचा उलगडा होतो.

मराठीने या साहित्याला आपली नावं दिली. यष्टी म्हणजे काठी, म्हणून स्टंपला यष्टी आणि विकेटकीपरला यष्टिरक्षक. तीन यष्टींचा मिळून त्रिफळा. हिरडा, बेहडा, आवळा हा औषधी त्रिफळा मुलांना घरी ठाऊक असतो, तोच शब्द इथे मैदानात उतरला. आणि 'चीत' हा शब्द तर थेट कुस्तीच्या आखाड्यातला. पाठ टेकली की पैलवान चीत. त्यावरून त्रिफळाचीत, यष्टिचीत, धावचीत, पायचीत, स्वयंचीत असे किती नेटके जोडशब्द तयार झाले बघा. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून मराठीत धावतं वर्णन केलं आणि हे शब्द घराघरांत पोचले. जोडशब्दांचा पाठ घेताना ही यादी फळ्यावर लिहा. एरवी गप्प बसणारी मुलंही हात वर करतात.

साहित्य नेमकं कसं असतं?

क्रिकेटचे नियम लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब, म्हणजे एमसीसी, ठरवतो. त्यातला ८ वा नियम विकेटबद्दल आहे. त्यातली मापं अशी:

- स्टंपची जमिनीपासून उंची: ७१.१२ सेंटीमीटर (२८ इंच)
- तिन्ही स्टंप मिळून बाहेरून बाहेरपर्यंत रुंदी: २२.८६ सेंटीमीटर (९ इंच)
- एका स्टंपची जाडी: कमीत कमी ३.५० आणि जास्तीत जास्त ३.८१ सेंटीमीटर
- एका बेलची लांबी: १०.९५ सेंटीमीटर
- बेल स्टंपच्या वर दिसावी ती जास्तीत जास्त १.२७ सेंटीमीटर (अर्धा इंच)

लहान मुलांच्या क्रिकेटसाठी नियमातच सूट आहे. त्यांच्या विकेटची रुंदी २०.३२ सेंटीमीटर आणि उंची ६८.५८ सेंटीमीटर, म्हणजे दोन्हीकडून एकेक इंच कमी.

स्टंप लाकडी आणि गोल असतो. त्याचं डोकं घुमटासारखं असतं आणि त्यावर बेल बसण्यापुरती खाच असते. खालचं टोक जमिनीत रोवता यावं म्हणून निमुळतं केलेलं असतं. बेल नीट हातात घेऊन बघा. आपल्या विटीची आठवण येईल! मध्ये जाडसर भाग आणि दोन्ही बाजूंना बारीक टोकं. एक टोक लांब, दुसरं आखूड. मधला जाड भाग दोन स्टंपांच्या मधल्या जागेवर येतो आणि टोकं खाचांवर टेकतात. खिळा नाही, दोरी नाही, डिंक नाही. बेल नुसती ठेवलेली असते, आणि ती पडावी म्हणूनच ठेवलेली असते.

दोन्ही बाजूंच्या विकेट्समधलं अंतर २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट किंवा २०.१२ मीटर. शेतकरी पालकांना हा आकडा ओळखीचा वाटेल. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट. म्हणजे गुंठ्याच्या दोन बाजू एकापुढे एक ठेवल्या की खेळपट्टीची लांबी झाली. खेळपट्टीची रुंदी १० फूट. तिचं क्षेत्रफळ किती आणि ते एका गुंठ्यापेक्षा जास्त की कमी, हे उदाहरण पाचवीच्या मुलांना घालायला हरकत नाही. (६६० चौरस फूट, गुंठा १०८९ चौरस फुटांचा.)

तिसरा स्टंप आला कुठून?

सन १७४४ च्या नियमांत विकेट वेगळी होती. स्टंप दोनच, उंची २२ इंच, आणि वर ६ इंचांची एकच बेल. म्हणजे खरोखरच छोटं फाटक.

मग आला मे १७७५. लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर पाच-पाच खेळाडूंचा सामना होता. हॅम्बल्डनचा जॉन स्मॉल शेवटचा फलंदाज म्हणून खेळत होता आणि जिंकायला १४ धावा हव्या होत्या. समोर गोलंदाज एडवर्ड 'लंपी' स्टीव्हन्स, आपल्या अचूक माऱ्यासाठी प्रसिद्ध. त्याने तीन वेळा स्मॉलला पुरतं चकवलं. तिन्ही वेळा चेंडू दोन स्टंपांच्या मधून आरपार गेला. बेल हललीसुद्धा नाही, म्हणून स्मॉल नाबाद. त्याने त्या धावा काढल्या आणि सामना जिंकून दिला.

आता मुलांना विचारा, हे बरोबर झालं का? नियमाप्रमाणे बरोबर होतं. पण न्याय झाला का? सगळ्यात चांगला चेंडू टाकणाऱ्याला काहीच मिळालं नाही. हा अन्याय त्या काळच्या लोकांनाही खटकला आणि मध्ये तिसरा स्टंप आला. पुढे एका बेलच्या दोन बेल्स झाल्या. इथे मुलांसमोर एक मोठी गोष्ट सहज मांडता येते. नियम आकाशातून पडत नाहीत. कुणावर तरी अन्याय होतो, तो लोकांच्या लक्षात येतो आणि मग नियम बदलतो.

विकेटचा आकारही वाढत गेला. १७९८ मध्ये २४ इंच उंच आणि ७ इंच रुंद, १८२३ मध्ये २७ आणि ८ इंच. १९३१ मध्ये २८ आणि ९ इंचांचा प्रयोग इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि १९४७ च्या नियमावलीत ते माप पक्कं झालं. फलंदाजी सुधारत गेली तसं गोलंदाजाला थोडं मोठं लक्ष्य मिळत गेलं. १७४४ ची विकेट ६ × २२ = १३२ चौरस इंच. आजची ९ × २८ = २५२ चौरस इंच. जवळजवळ दुप्पट!

चेंडू आता आरपार जाईल का?

हे उदाहरण वर्गात नक्की सोडवून घ्या. सर्वांत जाड स्टंप ३.८१ सेंटीमीटरचा. तीन स्टंपांनी जागा घेतली ३ × ३.८१ = ११.४३ सेंटीमीटर. एकूण रुंदी २२.८६. उरले ११.४३ सेंटीमीटर. फटी दोन. म्हणजे एक फट सुमारे ५.७ सेंटीमीटर.

सीझन बॉलचा परीघ २२.४ ते २२.९ सेंटीमीटर असतो. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास येतो सुमारे ७.१ ते ७.३ सेंटीमीटर. फट ५.७ ची, चेंडू ७ च्या वर. जाणार कसा? स्टंप नियमातला सर्वांत बारीक घेतला तरी फट ६.२ सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. लंपी स्टीव्हन्सची तक्रार गणिताने कायमची मिटवली.

आता शाळेत या. आपण बांबूच्या बारीक काठ्या आणतो, समजा अडीच सेंटीमीटर जाडीच्या, आणि मोठ्या हौसेने २२.८६ सेंटीमीटर रुंदीत रोवतो. हिशेब करा. काठ्यांनी घेतले साडेसात सेंटीमीटर. उरलेल्या जागेच्या दोन फटी केल्या की प्रत्येकी ७.६ सेंटीमीटरच्या वर! टेनिस बॉलचा व्यास साडेसहा सेंटीमीटरहून थोडा जास्त असतो. म्हणजे चेंडू आरामात आरपार जाणार आणि १७७५ चं भांडण आपल्या पटांगणात पुन्हा होणार. नियमातला एक आकडा उचलायचा आणि दुसरा सोडायचा, असं चालत नाही. मापं एकमेकांच्या हाताला धरून उभी असतात.

बाद केव्हा? साक्षीदार काय सांगतो?

आता शीर्षकातला प्रश्न. चेंडू स्टंपला लागला, आवाजही आला, पण बेल जागेवरच राहिली. बाद की नाबाद?

नाबाद. २९ वा नियम सांगतो की विकेट मोडली असं म्हणायला किमान एक बेल स्टंपच्या डोक्यावरून पूर्णपणे निघाली पाहिजे, किंवा एखादा स्टंप जमिनीतून उखडला पाहिजे. बेल नुसती हलली, उडी मारून परत खाचेत बसली, तर विकेट मोडली नाही. मात्र बेल पडता पडता दोन स्टंपांच्या मध्ये अडकून राहिली, तर ती निघालीच असं धरतात.

९ जून २०१९ चा भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषक सामना काहींना आठवत असेल. लंडनचं ओव्हल मैदान. ऑस्ट्रेलियाच्या डावाच्या सुरुवातीलाच बुमराहचा चेंडू डेव्हिड वॉर्नरकडून घरंगळत जाऊन स्टंपवर आदळला. बेल पडली नाही. वॉर्नर वाचला आणि त्याने ५६ धावा केल्या. (सामना आपण ३६ धावांनी जिंकला, ही गोष्ट वेगळी!) त्या स्पर्धेत असं अनेकदा घडलं आणि दिवे लागणाऱ्या बेल्स जड आहेत का, यावर बरीच चर्चा झाली. चर्चा कितीही झाली तरी मैदानावर निर्णय तोच राहिला. बेल पडली नाही, फलंदाज बाद नाही.

या दिव्याच्या बेल्सबद्दल मुलांना भारी कुतूहल असतं. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॉन्टे एकरमन यांनी त्या तयार केल्या आणि २०१२-१३ च्या बिग बॅश लीगमध्ये त्या पहिल्यांदा झळकल्या. बेल खाचेतून सुटली की आतल्या यंत्रणेला ते कळतं आणि क्षणात दिवा लागतो. धावचीतचा निर्णय देताना तिसऱ्या पंचांना नेमका क्षण यामुळे सापडतो. पण दिवा लागला म्हणजे बाद, असं समजू नका. दिवा लागला आणि पुढच्या चित्रांत बेल खरोखर निघालेली दिसली, तरच विकेट मोडली. दिवा वेळ सांगतो, साक्ष बेलच देते.

मुलांच्या भांडणात नेहमी येणारे आणखी काही प्रश्न इथेच सोडवून टाकू:

- वाऱ्याने बेल पडली तर? बाद नाही. चेंडू, फलंदाजाची बॅट, त्याचं शरीर किंवा कपडे, अथवा चेंडू हातात असलेला क्षेत्ररक्षक, यांच्यामुळेच विकेट मोडली पाहिजे.
- यष्टिरक्षकाने एका हातात चेंडू धरून दुसऱ्या हाताने बेल उडवली तर? चालणार नाही. ज्या हातात चेंडू, त्याच हाताने किंवा त्याच बाहूने विकेट मोडायची.
- दोन्ही बेल्स आधीच पडल्या असतील आणि धावचीत करायचं असेल तर? चेंडू मारून स्टंप उखडायचा, किंवा चेंडू हातात धरून त्याच हाताने स्टंप जमिनीतून उपटायचा. एक बेल शिल्लक असेल तर ती पाडली तरी पुरतं.

साक्षीदारच नसेल तर?

आता आपल्या मुलांच्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. कधी कधी वारा इतका जोरात असतो की बेल्स राहतच नाहीत. अशा वेळी जड लाकडाच्या बेल्स वापरतात. त्याही टिकल्या नाहीत तर पंच ठरवून दोन्ही बाजूंच्या बेल्स काढून ठेवतात. सप्टेंबर २०१९ मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटीत काही वेळ असाच खेळ झाला. नुसते स्टंप, बेल्स नाहीत.

मग बाद कसं ठरवायचं? नियम म्हणतो, बेल्स काढून ठेवल्या असतील तर चेंडू विकेटला लागला की नाही, याबद्दल पंचांची खात्री झाली पाहिजे. त्यांची खात्री झाली की बाद. म्हणजे मोठ्यांच्या नियमपुस्तकातही बेलशिवायच्या क्रिकेटची सोय आहे. फक्त एक अट आहे. साक्षीदार गेला, तर त्याची जागा पंचाने घ्यायची. फलंदाजाने नाही, गोलंदाजाने नाही, आणि बॅटच्या मालकाने तर नाहीच.

पायचीतचंही तसंच आहे. तिथे चेंडू विकेटपर्यंत पोचलेलाच नसतो. मध्ये पाय आला नसता तर तो लागला असता का, हे पंच ठरवतात. घडलेल्या गोष्टीला बेल साक्षीदार, आणि जिथे साक्षीदार मिळत नाही तिथे पंच. एवढी एक गोष्ट मुलांच्या मनात बसली तर मैदानावरची निम्मी भांडणं कमी होतील.

म्हणून आपल्या पटांगणात बेल्स नसतील तर खेळ सुरू होण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्यायला सांगा. एक, आज लागला की बाद. दोन, पंच कोण. पंच दर पाच षटकांनी बदलायचा, म्हणजे प्रत्येक मूल एकदा तरी त्या जागी उभं राहील. आपल्याच मित्राला बाद द्यायची वेळ आली की प्रामाणिकपणा म्हणजे काय ते कळतं. त्यासाठी मूल्यशिक्षणाचा वेगळा तास घ्यावा लागत नाही. भिंतीवर स्टंप काढत असाल तर रेघा नुसत्या ओढू नका, खडूने जाड भरून काढा. चेंडूला खडू लागला, तर साक्षीदार मिळाला!

शाळेतच स्टंप तयार करू या

कार्यानुभवाच्या तासाला हा उपक्रम चांगला जमतो. कापायचं, भोकं पाडायचं काम मोठ्यांनी करायचं. मोजायचं, खुणा करायचं आणि घासायचं काम मुलांनी.

१. अडीच सेंटीमीटर जाडीच्या तीन सरळ बांबूच्या काठ्या निवडा. सहा सेंटीमीटरच्या दोन फटी ठेवायच्या, तर एकूण रुंदी किती येईल? ७.५ + १२ = १९.५ सेंटीमीटर. हे मुलांनाच काढू द्या.

२. सिमेंटचं पटांगण असेल तर जाड, वजनदार लाकडी फळीला तीन भोकं पाडा. काठी भोकात थोडी सैल बसली पाहिजे. घट्ट ठोकली तर चेंडू लागूनही ती ढिम्म हलणार नाही.

३. उंची जमिनीपासून मोजा, फळीपासून नाही. ६८ सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. तिसरी-चौथीची मुलं असतील तर आणखी कमी केली तरी चालेल.

४. काठ्यांच्या डोक्यावर कानशीने उथळ खाच करा. खोल खाच केली तर बेल अडकून बसेल.

५. बेल्ससाठी जुन्या लाकडी पेन्सिली घ्या. प्रत्येकी साडेनऊ सेंटीमीटरचा तुकडा, टोकं घासून गोल केलेली. दोन तुकडे मिळून १९ सेंटीमीटर, म्हणजे रुंदीपेक्षा थोडे कमीच.

मग एक प्रयोग करा. एकाच अंतरावरून, एकाच चेंडूने, आधी उथळ खाच आणि मग थोडी खोल खाच ठेवून स्टंपवर चेंडू मारा. दहापैकी किती वेळा बेल पडली ते वहीत मांडा. विश्वचषकात मोठमोठी माणसं ज्या प्रश्नावर वाद घालत होती, तोच प्रश्न आपली मुलं पटांगणात तपासत असतील.

सुरक्षिततेचं विसरू नका

बेल दिसायला एवढीशी, पण ती वेगाने उडते. ९ जुलै २०१२ रोजी इंग्लंडमधल्या टाँटन इथे दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाउचर स्टंपजवळ उभा होता. त्याने हेल्मेट घातलं नव्हतं. फलंदाज त्रिफळाचीत झाला, बेल उडाली आणि थेट बाउचरच्या डोळ्यावर बसली. एवढ्या मोठ्या खेळाडूची कारकीर्द त्या क्षणी संपली. बेल फार लांब उडू नये यासाठीची साधनं वापरायला आता नियमांत परवानगी आहे.

म्हणून पालकांनो, तुमचं मूल सीझन बॉलवर यष्टिरक्षण करत असेल तर जाळीचं हेल्मेट घेतल्याशिवाय त्याला स्टंपजवळ उभं राहू देऊ नका. ग्लोव्ह्ज घेतले आणि हेल्मेट राहिलं, असं होऊ नये. शाळेत टेनिस बॉलवर खेळतानाही यष्टिरक्षकाला दोन पावलं मागेच उभं करा. आणि टोकदार स्टंप घेऊन पळायचं नाही, तो भाल्यासारखा फेकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

पुढच्या वेळी मैदानावरून "लागला!" आणि "नाही लागला!" असा आवाज आला, की रागवण्याआधी मुलांना दोनच प्रश्न विचारा. बेल कुठे आहे? आणि बेल नसेल तर पंच कोण आहे?